एका नावाचे दोन रोग

छाणी हे आमचे गाव बडोद्याच्या उत्तरेस आहे. जैन मंदिरांमुळे व जुन्या हस्तलिखितांच्या भांडारांमुळे त्याचे नाव दूरवर ठाऊक होते. आज ते शहराच्या हद्दीत गेले आहे आणि जवळच छायापुरीचे नवे रेल्वे स्थानक उभे राहिले आहे. नोकरीधंद्यानिमित्त आलेली मराठी कुटुंबे येथे राहतात. रविवारी मिस्सा आटोपला की ती क्षणभर अंगणात थांबून एकमेकांची विचारपूस करतात. त्या विचारपुशीत एक शब्द हमखास कानी पडतो. आम्ही मराठी माणसे त्यास 'वात' म्हणतो, शेजारचे गुजराती बांधव 'वा' म्हणतात. गुडघा दुखला तरी वात, कंबर धरली तरी वात, बोटे सुजली तरी वातच. शब्द सोपा आहे, म्हणून तो पुढे विचार करू देत नाही. आज त्याच शब्दाविषयी वाचकांशी चार गोष्टी बोलावयाच्या आहेत. कारण त्याच्यापायी एका घराचे कसे नुकसान झाले हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्या घराची ओळख पटेल असे काही आम्ही येथे लिहीत नाही. हकीकत मात्र खरी आहे.

त्या घरी सासू आणि सून दोघींचेही सांधे दुखत. सासूबाई पासष्टीच्या पुढच्या. त्यांचे गुडघे कित्येक वर्षे कुरकुरत होते. जिना चढताना किंवा बाजारातून जड पिशवी आणताना कळ येई. घटकाभर पाय पसरून बसले की उतार पडे. सूनबाई चौतिशीच्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर चार महिन्यांनी त्यांची मनगटे व बोटांचे सांधे सुजू लागले. मग पायांचे चवडेही दुखू लागले. पहाटे उठल्यावर मूठ वळत नसे. कणीक मळणे दूरच राहिले, तान्ह्याच्या झबल्याचे बंद बांधणेही जमत नसे. नऊ-दहा वाजेपर्यंत हात हळूहळू मोकळे होत, आणि दुपारी त्या इतरांसारख्याच कामाला लागत.

सकाळी जिला पोळी लाटता येत नाही ती दुपारी धुणे कशी धुते? घरच्यांनी ह्या प्रश्नाचे सोपे उत्तर काढले. सासूबाई एकदा आमच्यासमोरच म्हणाल्या, "अहो, वात मलाही आहे. पण मी कधी अंथरूण धरून बसले नाही. हल्लीच्या मुलींना सोसवत नाही, दुसरे काय!" सूनबाईंनी खाली मान घालून एवढेच उत्तर दिले, "आई, मी मुद्दाम पडून राहत नाही हो. हातच उचलत नाहीत." देवळातही कुजबूज झाली. सकाळच्या पहिल्या मिस्साला ही बाई येत नाही, आली तर गुडघे टेकण्याच्या वेळी बसूनच राहते. तरण्या वयात एवढा आळस! घरात सासूबाईंच्या तेलाची बाटली होती, त्यांच्या वेदनाशामक गोळ्या होत्या. सुनेलाही तेच तेल आणि त्याच गोळ्या मिळाल्या. आम्हीसुद्धा त्यांना धीर धरण्याचा आणि दुःख प्रभूच्या क्रुसापाशी ठेवण्याचा उपदेश केला. उपदेश वाईट नव्हता, पण त्याआधी "डॉक्टरांस दाखवले का?" एवढे विचारावयास हवे होते, ते आम्ही विचारले नाही. असे दहा महिने गेले.

वाचकहो, त्या दोघींचे दुखणे एक नव्हते. सासूबाईंच्या रोगास वैद्यक ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणते. आपण त्यास झिजेचा संधिवात म्हणू. सूनबाईंचा रोग रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मराठीत त्यास बहुधा आमवात म्हणतात. सर्व सांधेदुखी एकाच टोपलीत टाकण्याची सवय आपल्या जुन्या वैद्यांनाही नव्हती. 'माधवनिदान' ह्या प्राचीन ग्रंथात आमवातावर स्वतंत्र प्रकरण आहे. युरोपात लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरॉड ह्यांनी १८५९ साली रुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव देऊन हा रोग इतरांपासून निराळा काढला. शास्त्राने वेगळे केलेले हे रोग आपल्या बोलण्यात मात्र अद्याप एकत्रच नांदत आहेत.

झिजेच्या संधिवातात काय होते ते आधी पाहू. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यामुळे सांधा घासल्याविना हलतो. वय, अंगाचा भार, जुनी दुखापत, वर्षानुवर्षांचे कष्ट व काही अंशी आनुवंशिकता ह्यांमुळे तो थर खराब होत जातो आणि हाडाच्या कडांना उंचवटे येतात. हा रोग गुडघे, खुबे, पाठीचा कणा, अंगठ्याचे मूळ आणि बोटांच्या टोकांजवळचे सांधे ह्यांत विशेष आढळतो. वापराने दुखणे वाढते, विश्रांतीने कमी होते. सकाळी सांधा आखडतो खरा. पण चार पावले चालले की, बहुधा अर्ध्या तासाच्या आत, तो सुटतो.

आमवाताची तऱ्हाच निराळी. परमेश्वराने आपल्या शरीरास रोगजंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती दिली आहे. ह्या रोगात तिची ओळख चुकते. रात्रीच्या रखवालदाराने घरच्याच माणसांस चोर समजून काठी उगारावी, तशी ती सांध्याच्या आतील नाजूक अस्तरावर तुटून पडते. अस्तर सुजते व जाड होते. वेळीच अटकाव झाला नाही तर ते कूर्चा व हाड दोन्ही कुरतडते. दुखणे बहुधा दोन्ही बाजूंस सारखे असते. मनगटे, बोटांची मुळे, बोटांचे मधले सांधे व पायांचे चवडे ही त्याची आवडती ठिकाणे; बोटांच्या टोकांचे सांधे बहुधा सुटतात. सूज मऊ व ऊबदार लागते. सकाळचा ताठरपणा तासभर, कधी कित्येक तास टिकतो. रात्रभराच्या विश्रांतीनेच तो वाढलेला असतो आणि हालचालीने उतरतो. सूनबाई सकाळी पांगळ्या व दुपारी कामकरी का दिसत, त्याचे उत्तर हे आहे. रोगाचे लक्षणच लोकांस आळसाचा पुरावा वाटले!

शिवाय हा रोग सांध्यांपुरता राहत नाही. थकवा येतो, बारीक ताप येतो, वजन घटते, रक्त कमी होते. क्वचित डोळे, फुप्फुसे व हृदय ह्यांसही बाधा होते. झिजेच्या संधिवाताने असे अंगभर आजारपण येत नाही.

"संधिवात म्हणजे म्हातारपणाचे दुखणे" हा पहिला गैरसमज आता आपोआप गळून पडतो. आमवात कोणत्याही वयात होतो. पुष्कळांस तो तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान गाठतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीतिपटीने आढळतो. सोळा वर्षांखालील मुलांतही प्रतिकारशक्तीच्या चुकीने होणारा संधिवात असतो. "एवढ्या लहान वयात कसला वात?" असे म्हणून मुलास शाळेत पिटाळणाऱ्या आईबापांनी हे ध्यानी ठेवावे.

हा रोग दुर्मीळ आहे असेही कोणी समजू नये. पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी आरंभिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने अनेक देशांत झालेल्या उपक्रमाचा तो भाग होता. त्या गावच्या प्रौढांत आमवाताचे प्रमाण हजारी सुमारे ५ आढळले. झिजेचा संधिवात त्याहून कितीतरी अधिक होता. ह्याचा अर्थ असा की दोन हजार प्रौढांच्या वस्तीत आमवाताची दहा माणसे असू शकतात, आणि ती झिजेच्या रुग्णांच्या गर्दीत सहज हरवतात. आमच्या सूनबाई अशाच हरवल्या होत्या.

आता कारणांविषयीच्या समजुती पाहू. सूनबाईंच्या माहेरची मंडळी म्हणत, बाळंतपणात वारा लागला. ह्या समजुतीमागे निरीक्षण खरे आहे, अर्थ चुकीचा आहे. गरोदरपणात आमवात पुष्कळदा नरमतो आणि प्रसूतीनंतरच्या महिन्यांत उसळतो किंवा पहिल्यानेच प्रकट होतो. त्याचे कारण शरीरातील व प्रतिकारशक्तीतील बदलांत आहे. उघड्या खिडकीत नाही. कोणी म्हणतात, चिकनगुनियाचे उरलेले आहे. २००६ साली गुजरात व महाराष्ट्र दोहोंत त्या तापाची मोठी साथ आली होती, आणि त्यानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखतात हे खरे. पण म्हणून प्रत्येक सूज त्याच्या खाती मांडून स्वस्थ बसू नये. कोणी दही, चिंच, बटाटा व भात ह्यांवर ठपका ठेवतात. अमुक एक पदार्थ खाल्ल्याने आमवात होतो असे सिद्ध झालेले नाही. बाळंतिणीचे दूधदही तोडून तिला अधिक अशक्त मात्र केले जाते. ज्याचा संबंध खरोखर दिसून आला आहे ते विडी-सिगारेटचे धूम्रपान, आणि त्याविषयी आमचे पुरुषवाचक फारसे बोलत नाहीत! रोग संसर्गजन्य नाही. रुग्णाचे भांडे वा अंथरूण वेगळे करण्याचे काहीच कारण नाही. आईबापांकडून तो सरळ मुलांकडे जातो असेही नाही. नात्यात असल्यास संभव थोडा वाढतो, एवढेच.

आणखी एक समजूत अशी की प्रतिकारशक्ती कमी पडल्याने हा रोग होतो, तेव्हा ती वाढवणारी टॉनिके द्यावीत. येथे शक्तीचा तुटवडा नसून तिची दिशा चुकली आहे. चुकलेल्या रखवालदारास आणखी मोठी काठी देऊन काय साधणार?

तपासणीबाबतही घोटाळा होतो. 'आरए फॅक्टर' ही रक्ताची चाचणी नॉर्वेचे डॉक्टर एरिक वालर ह्यांच्या १९४० मधील शोधातून पुढे आली. ती सकारात्मक आली म्हणजे आमवात झालाच असे नाही. निरोगी वृद्धांतही ती तशी येऊ शकते. ती नकारात्मक आली म्हणजे रोग नाही असेही नाही. आमवाताच्या कित्येक रुग्णांत ती नकारात्मक असते. आरंभी क्ष-किरण चित्रही निर्दोष दिसू शकते. म्हणून डॉक्टर हात दाबून सूज पाहतात, सकाळची हकीकत विचारतात, दाह दाखवणाऱ्या व 'अँटी-सीसीपी' ह्या चाचण्या करवतात, आणि सर्वांचा मेळ घालून निदान करतात. कागद पाहून आपला निकाल आपणच लावू नये.

उपायांपैकी सर्वांत धोक्याचा उपाय म्हणजे अनोळखी पुडी. काही ठिकाणी वातावर बिननावाच्या पुड्या वा गोळ्या मिळतात आणि चार दिवसांत जादू झाल्यासारखा आराम पडतो. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. त्या जादूचा इतिहास ठाऊक असावा. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच ह्यांनी आमवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीस कॉर्टिसोन टोचले आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच व त्यांच्या दोन सहसंशोधकांस नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु लवकरच दुसरी बाजूही दिसली: चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, जंतुसंसर्ग. डॉक्टर आजही हे औषध देतात. पण मोजून व बेताने. पुडीवाला मोजत नाही. आणि दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते. म्हणून ज्यांनी अशा पुड्या घेतल्या असतील त्यांनी लाज न धरता डॉक्टरांस तसे सांगावे. तांब्याच्या कड्याने अपाय होत नाही. पण इंग्लंडातील यॉर्क विद्यापीठाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या ७० रुग्णांवरील प्रयोगात त्याचा आमवातावर काही खरा गुण दिसला नाही.

मग खरा उपाय कोणता? येथे एका भारतीयाचे नाव आदराने घ्यावयास हवे. आंध्रातील भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत काम करीत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेथोट्रेक्सेटच्या जातीची औषधे तयार झाली, ती प्रथम रक्ताच्या कर्करोगासाठी. पुढे त्याच मेथोट्रेक्सेटची अल्प मात्रा आमवातात चुकलेल्या प्रतिकारशक्तीस आवरते असे दिसून आले, आणि १९८८ साली अमेरिकेत त्यास ह्या रोगासाठी मान्यता मिळाली. ते आज आमवाताच्या उपचाराचा पाया आहे. वेदनाशामक गोळी केवळ दुखणे झाकते. हे औषध रोगासच अडवते. त्याचा गुण येण्यास मात्र काही आठवडे लागतात. त्याने भागले नाही तर दुसरी औषधे आहेत.

येथे एक इशारा आम्ही ठळकपणे देतो. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते, रोज नव्हे. आपणांस रोजच्या गोळ्यांची सवय असते, म्हणून चूक होते, आणि ही चूक प्राणघातक ठरू शकते. वार ठरवावा आणि तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहावा. सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी सांगितलेल्या दिवशीच घ्यावी. रक्ताची व यकृताची तपासणी ठरल्या वेळी करावी, आणि मद्य वर्ज्य करावे. गर्भास हे औषध घातक आहे. म्हणून ज्या भगिनीस अपत्याची इच्छा असेल वा दिवस राहण्याचा संभव असेल तिने ते आधीच डॉक्टरांस सांगावे. तोंड आले, ताप आला वा धाप लागली तर तत्काळ दाखवावे.

हे औषध सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी नाही, हेही ध्यानी असू द्या. त्यांस वजन आटोक्यात ठेवणे, मांड्यांचे स्नायू बळकट करणारा व्यायाम, हाती काठी, गरजेपुरते वेदनाशामक, आणि फारच झाल्यास शस्त्रक्रिया हे उपाय आहेत. "म्हातारपण आहे, चालावयाचेच" असे म्हणून त्यांनाही वाऱ्यावर सोडू नये. व्यायाम दोन्ही रोगांत हिताचा. आमवातात सूज भडकलेली असताना मात्र त्या सांध्यास विसावा द्यावा.

आमवातात सर्वांत मोलाची वस्तू आहे वेळ. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे बहुतांशी वाचवता येतात. कुरतडले गेलेले हाड कोणतेही औषध परत आणीत नाही. बडोद्यास सर सयाजीराव रुग्णालय व त्यास जोडलेले १९४९ सालचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी सरकारी रुग्णालय असतेच. सांध्यांची सूज सहा आठवड्यांहून अधिक टिकली तर तेथे जावे, आणि सकाळची हकीकत न विसरता सांगावी.

आता श्रद्धेविषयी दोन शब्द. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी प्रभूस विचारले होते की पाप कोणाचे, ह्याचे की आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. तेव्हा "काही पाप केले असेल म्हणून हात वाकडे झाले" असे म्हणणाऱ्या जिभेस शुभवर्तमानाचा आधार नाही. आपल्या बायबलातील बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय तर रुग्णास प्रार्थनाही करावयास सांगतो आणि वैद्यास मानही द्यावयास सांगतो. एकाच्या बदली दुसरे असे तो म्हणत नाही. बिशप असताना संत आल्फोन्स लिगोरी ह्यांस १७६८ साली सांध्यांच्या तीव्र दुखण्याने गाठले आणि त्यांची मान कायमची वाकून हनुवटी छातीस टेकली. त्यांनी वैद्यांचे उपचार घेतले आणि आपले कामही सोडले नाही. दुःख प्रभूस अर्पण करावे हे खरे. पण जे दुःख औषधाने टळते ते सुनेवर लादून तिला पुण्य कमावण्यास सांगणे ही भक्ती नव्हे.

त्या घराची हकीकत पुरी करावयाची राहिली. दहा महिन्यांनंतर सूनबाईंच्या धाकट्या दिराने हट्ट धरला आणि त्यांस रुग्णालयात नेले. सासूबाईही बरोबर गेल्या. डॉक्टरांनी दोघींचे हात शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाले, "आजी, तुमचे सांधे झिजले आहेत. ह्यांचे सांधे जळत आहेत." सासूबाई परतीच्या वाटेवर एक शब्दही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी उठून सुनेसाठी पाणी तापवले, आणि तेव्हापासून ते काम त्यांनी कोणास करू दिलेले नाही. शनिवारी रात्री सुनेच्या हातावर गोळी ठेवणाऱ्याही त्याच.

सूनबाईंचे हात आता पुष्कळ सुधारले आहेत. त्या कणीक मळतात, धाकट्याचे बंद बांधतात. उजव्या हाताची दोन बोटे मात्र वाकडी राहिली, ती सरळ व्हावयाची नाहीत. ते दहा महिने त्या बोटांत कायमचे राहिले आहेत, आणि त्यात आमचाही थोडा वाटा आहे.

रविवारी त्या दोघी एकाच बाकावर बसतात. सर्वजण गुडघे टेकतात तेव्हा दोघीही बसूनच राहतात. एक झिजेमुळे, दुसरी आमवातामुळे. आता कोणी कुजबुजत नाही. आमची वाचकांस एवढीच विनंती की आपल्या घरात, शेजारात वा देवळात कोणी तरुण स्त्री वा पुरुष सकाळी हात आखडल्याची तक्रार करील, तर "वात आहे" म्हणून मोकळे होऊ नका. तिला विचारा, "सकाळी हात मोकळे व्हावयास किती वेळ लागतो?" उत्तर तासाभराचे आले, तर तेलाची बाटली खाली ठेवा आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.